पलीकडची गंगाजळी

मोबाइलच्या पडद्यावर रक्कम उमटते, पाठवणाऱ्याचे बोट बटणावर टेकते आणि काही सेकंदांत दुसऱ्या देशातील एका मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा संदेश झळकतो. एवढ्या वेळात सीमेपलीकडे पैसा गेलेला नसतो, निरोप गेलेला असतो. तिकडच्या बँकेत पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीने आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून घेणाऱ्याची रक्कम चुकती होते; इकडे गोळा झालेले पैसे मागाहून, एकगठ्ठा, तिकडे वळते केले जातात. हुंडीचा व्यवहार याच तत्त्वावर चालत असे, आणि १८७१ साली वेस्टर्न युनियनने तारेने पैसे पाठवण्याची सेवा सुरू केली तेव्हाही तारेतून धावत होता तो मजकूरच.

परदेशी पैसे पोहोचवण्याचा हा व्यवसाय सुरू करू पाहणारे बहुतेक जण आधी अ‍ॅप बनवायला घेतात. अ‍ॅप बनते, चांगलेही बनते. पण धंद्याचा जीव असतो तो पलीकडच्या खात्यात. शुक्रवारी संध्याकाळी बँका बंद होतात, शनिवारी एखादा सण येतो, नेहमीच्या दुप्पट माणसे घरी पैसे पाठवतात आणि दुपारपर्यंत ते खाते रिकामे होते. इकडच्या खात्यात पैसा भरपूर असतो, मात्र तो सोमवारपर्यंत जागचा हलत नाही. म्हणून जास्त रक्कम तिकडे ठेवावी, तर भांडवल पडून राहते आणि तिकडचे चलन घसरले की तोटाही पदरात पडतो. वेळेची ही दरी किती महाग पडू शकते, हे २६ जून १९७४ रोजी जर्मनीतील हेरश्टाट बँक बंद करण्यात आली तेव्हा दिसले: समोरच्या बँकांनी मार्क, म्हणजे तेव्हाचे जर्मन चलन, चुकते केले होते, आणि त्या बदल्यात न्यूयॉर्कमध्ये मिळायचे डॉलर मिळालेच नाहीत.

परवान्याचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत अशा व्यवसायाला सुरुवातीपासून १८० दिवसांच्या आत फिनसेन या केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते, आणि त्याशिवाय जवळजवळ प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. युरोपीय संघात एका सदस्य देशाने दिलेल्या मान्यतेवर इतर सदस्य देशांतही सेवा देता येते. संघाच्या २०१५ च्या निर्देशानुसार केवळ पैसे पाठवण्याच्या सेवेसाठी सुरुवातीचे किमान भांडवल २०,००० युरो ठरले. हा आकडा फसवा आहे. त्याच्या कितीतरी पट पैसा पुढे त्या पलीकडच्या खात्यातच अडकतो.

परवाना हाती आला तरी बँक खाते देईलच असे नाही. काळ्या पैशाच्या भीतीने बँका अशा कंपन्यांना दारातूनच परत पाठवतात, आणि ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. १९८९ साली पॅरिसच्या जी-७ परिषदेत स्थापन झालेल्या एफएटीएफ या काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने घालून दिलेल्या मानकांनुसार, १,००० डॉलर किंवा युरोच्या वरच्या व्यवहारात पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती पैशाच्या निरोपाबरोबरच पुढे जावी लागते. प्रत्येक नाव निर्बंधांच्या, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहाराला मनाई आहे अशांच्या, याद्यांशी ताडून पाहिले जाते. सामान्य नावाचा एखादा ग्राहक त्यात अडकतो, आणि मग तपासनीस एका खिडकीत ओळखपत्र, दुसऱ्या खिडकीत यादी उघडून जन्मतारीख, जन्मस्थान, वडिलांचे नाव एकेक करून पाहत बसतो. तिकडे ग्राहक विचारत असतो की पैसे का पोहोचले नाहीत, आणि पुष्कळदा त्याला खरे कारण सांगण्याची मुभा नसते.

मिळकतीचे मार्ग दोनच, शुल्क आणि विनिमय दरातील फरक. ‘शुल्क शून्य’ अशी जाहिरात दिसली की दराकडे पाहावे. २०११ साली लंडनमध्ये दोन एस्टोनियन तरुणांनी सुरू केलेल्या ट्रान्सफरवाइजने बाजारातला मधला दर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमधचा, जसाच्या तसा दाखवून शुल्क वेगळे आकारण्याची पद्धत लोकप्रिय केली. २०० डॉलर पाठवण्याचा सरासरी खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. जागतिक बँकेच्या पाहणीत तो ६ टक्क्यांच्या वरच रेंगाळत आला आहे.

या पातळ नफ्यावर कार्डाची फसवणूक फार जड जाते. चोरलेल्या कार्डाने पैसे भरले जातात, घेणारा ते मिनिटांत काढून नेतो आणि काही आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक तक्रार करतो. चार्जबॅकची, म्हणजे कार्डमालकाला परत द्यावी लागणारी, रक्कम कंपनीच्या खात्यातून वजा होते. बारा डॉलर मिळवून देणाऱ्या व्यवहारात सहाशे डॉलर जातात. म्हणूनच नव्या ग्राहकाची मर्यादा लहान ठेवणारी कंपनी चिकट दिसली, तरी तीच टिकते.

दिवसाच्या शेवटी तीन नोंदी शेजारीशेजारी उघडल्या जातात: अ‍ॅपची, बँकेची आणि पलीकडच्या भागीदाराची. हजारो ओळी आपोआप जुळतात. एक उरते. खाते क्रमांकातला एक अंक चुकल्याने पैसे परत आले आहेत, आणि अ‍ॅपमध्ये मात्र त्या व्यवहारापुढे अजून ‘पूर्ण’ असे लिहिलेले आहे.