हेराल्ड पुन्हा रस्त्यावर

[दृश्य: दादरमधल्या जुन्या इमारतीचं आवार. दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. दोन हात बॉनेटच्या बाजूंचे खटके सोडवतात आणि गाडीचं अख्खं तोंड पुढे कलंडतं.]

हेराल्डचं बॉनेट असं उघडतं. मडगार्ड, दिवे, जाळी सगळं एकसंध, आणि बिजागरी पुढच्या टोकाला. उघडलं की इंजिन, स्टिअरिंग रॅक आणि पुढचं सस्पेन्शन हाताशी येतं. चाकावर बसून कार्ब्युरेटर उघडा, कंबर वाकवायला नको. गिअरबॉक्ससुद्धा खालून उतरवावा लागत नाही. पुढच्या सीट काढल्या, मधलं कव्हर सोडवलं की तो केबिनमधूनच बाहेर येतो. साठी ओलांडलेल्या माणसाला आपल्या हातांनी दुरुस्त करता येईल अशी जुनी गाडी हवी असेल, तर आपल्या देशात हिच्याइतकी सोयीची दुसरी सापडणं कठीण.

या रचनेमागे एक अडचण होती. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडमधल्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी पुरवणारा मोठा कारखाना प्रतिस्पर्धी गटाच्या ताब्यात गेला. पूर्ण बॉडी एका ठिकाणी घडवून घेणं अशक्य झालं, म्हणून वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, करून तिच्यावर बोल्टने जोडायचे सुटे भाग आखण्यात आले. रेषा इटलीतल्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांच्या. १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड आली, आणि हीच चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार निघाली. इकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हेराल्ड बनवायला घेतली. ९४८ सीसीचं इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि जेमतेम २५ फुटांत पूर्ण वळण. अँबॅसेडर आणि फियाटच्या त्या काळात मध्यमवर्गीय माणसाला रस्त्यावर दिसणारी स्पोर्ट्स कारच्या रक्ताची गाडी हीच होती. पुढे खास भारतासाठी चार दारांची मार्क थ्री आली, मग गॅझेल. आपण बोलणार आहोत ते दोन दारांच्या गाडीबद्दल.

[दृश्य: कागदांची फाइल. जुनं, घड्या पडलेलं आरसी पुस्तक.]

आधी कागद, मग गाडी. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. विकणाऱ्याने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवर भागवू नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, ते शेवटचं कधी झालं ते बघा. मूळ मालक हयात नसेल तर वारसांची संमती लिखित हवी. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर तिथली एनओसी.

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. ज्या गाडीला जुना नंबर आहे तिचा तो राहतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. रविवारी सकाळी वरळीहून नरिमन पॉइंटपर्यंत फेरी मारायची इच्छा असेल तर साधी नोंदणी चालू ठेवलेली बरी.

एक सावधगिरी. हेराल्डचं छप्पर बोल्ट काढून उतरवता येतं, त्यामुळे काही बंद गाड्या छप्पर काढून 'ओरिजिनल ओपन' म्हणून विकायला येतात. आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते पाहा. नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचणीत आणतो.

[दृश्य: छोट्या हातोडीने चासीवर टकटक. एके ठिकाणी आवाज बसका येतो.]

आता पत्रा. इंजिन बंद आहे म्हणून गाडी सोडू नका, आणि इंजिन सुरेख चालतं म्हणून घेऊ नका. ९४८ सीसीचं इंजिन कसलेला मिस्त्री आठवड्या-दोन आठवड्यांत बांधून देतो. सडलेली चासी मात्र वर्ष खाते.

मुंबईत गंज वरून दिसतो त्याहून आत जास्त असतो. खारी हवा, चार महिने पाऊस, त्यावर प्लास्टिकचं कव्हर, मग ओलावा आतच कोंडतो. चासीच्या मधल्या कण्यातून बाजूला जे हात निघतात त्यांना आउटरिगर म्हणतात. त्यांच्या टोकांवर आणि बाजूपट्ट्यांवर हातोडी वाजवा. खणखणीत आवाज म्हणजे पत्रा जिवंत, बसका आवाज म्हणजे आत भुसा. डिकीखालचे मागचे आउटरिगर सर्वांत आधी जातात, कारण तिथे चाकाचा चिखल साचतो. दारांखालचे सिल बोल्टने बसवलेले आहेत. विकणारा तयार असेल तर एका बाजूचा सिल सोडवून आतली पट्टी बघा, खरं चित्र तिथेच कळतं. बॅटरीच्या तळाचा पत्रा अ‍ॅसिडने खाल्लेला असतो, तोही चाचपा. शेवटी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून फिरवा. चिकटलं नाही तिथे पत्रा नाही, खड्डे भरायची लांबी (पुट्टी) आहे.

दारांच्या फटी पाहा. वर अरुंद आणि खाली रुंद फट असेल तर चासी मधून झुकलेली असू शकते, किंवा बॉडी आणि चासीमधल्या चकत्या कुणीतरी चुकीच्या लावल्यात. दुसरं असेल तर एका दिवसाचं काम. पहिलं असेल तर सौदा पुन्हा बोला.

[दृश्य: आवारात दोन लाकडी ठोकळे. पुढची चाकं नसलेली, धूळ खाणारी गाडी.]

सुट्या भागांत मरून पडलेल्या गाड्या मुंबईत अनेक आवारांत दिसतात. उत्साहाच्या भरात सगळं उघडलं, भाग खोक्यांत भरले, सोसायटीची नोटीस आली, आणि पुढच्या पावसात सगळं गेलं. म्हणून आमचा आग्रह आहे: हेराल्ड एकदम उघडू नका. ती तुकड्यांत बांधलेली आहे, कामही तुकड्यांत करा. आज पुढचं सस्पेन्शन, ते बसवून झाल्यावर ब्रेक, मग मागचा भाग. चार माणसांनी ढकलली तर हलेल, अशी ती कायम राहिली पाहिजे. बॉडी चासीवरून उचलायची वेळ आलीच, तर दारांच्या उघड्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करा, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

चासीला सुमारे १.६ मिलिमीटरचा, म्हणजे १६ गेजचा पत्रा, बॉडीला २० गेजचा. गॅस वेल्डिंग नको, उष्णतेने पातळ पत्रा ओढला जातो. सीओटू वेल्डिंग, आणि तेही एकेक टाका दूर दूर घालत. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवणाऱ्या डेंटरला थांबवा. दोन थरांमध्ये पाणी शिरतं आणि तीन पावसाळ्यांत काम परत येतं. सडका भाग निखळ धातूपर्यंत कापायचा, कडेला कड जुळवायची, मग झिंकयुक्त प्रायमर, आणि रंग झाल्यावर पोकळ भागांत छिद्रांतून मेणाचा फवारा. भोकं बुजवू नका, पाणी बाहेर पडण्याच्या वाटा त्याच आहेत.

[दृश्य: पुढच्या चाकामागे, उभ्या दांड्याच्या तळाशी पितळी रंगाचा भाग.]

हा ट्रनियन. या गाडीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. पुढच्या चाकाचा उभा दांडा याच्यात आट्यांवर फिरतो, म्हणजे स्टिअरिंग फिरवताना चाक या आट्यांवर वळतं. इथे ग्रीस चालत नाही. ग्रीस आट्यांच्या तळाशी पोचत नाही, वरच्या वर घट्ट होतं, खाली पाणी शिरतं, दांड्याच्या आट्या झिजून गंजतात, आणि एक दिवस वळणावर दांडा तुटून चाक आत मुडपतं. बाहेरून काही दिसत नाही, आधी आवाजही येत नाही. इथे ईपी ९० हे गिअरचं तेल हवं. खालचा प्लग काढून निपल लावा आणि ग्रीसगनमध्ये तेलच भरून दर सहा महिन्यांनी दाबा, जुनं तेल वरच्या सीलकडून डोकावेपर्यंत. इतकी वर्षं ग्रीस मारलं असेल, आणि बहुधा मारलेलंच असतं, तर दोन्ही दांडे आणि दोन्ही ट्रनियन बदला. डावा आणि उजवा वेगळा असतो, आट्या उलट दिशेच्या, त्यामुळे घेताना दोन्ही हातांत धरून पाहा. स्पिटफायरमुळे हे भाग इंग्लंडमध्ये अजून बनतात. गाडीच्या रंगाचा खर्च पुढे ढकला, हा नाही.

मागच्या बाजूला आडवी पाट्यांची स्प्रिंग आणि झुलते अ‍ॅक्सल. पाट्या बसल्या की मागची चाकं वरून आत झुकलेली दिसतात. आणि एक सवय लावून घ्यावी लागते: वळणात वेग जास्त वाटला तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलायचा नाही. मागचा भाग उचलला जाऊन चाक खाली दुमडू पाहतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा.

[दृश्य: इंजिनच्या पुढची पुली. मदतनीस क्लच दाबतो, पुली किंचित पुढे सरकते.]

इंजिनची पहिली परीक्षा ही. कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि क्रँकची पुली पाहा. डोळ्यांना सरकताना दिसली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजलेत किंवा एखादा गळून तेलाच्या चेंबरमध्ये पडलाय. डायल गेज लावून ही सरक मोजा, ०.००४ ते ०.००८ इंच ठीक. त्याहून जास्त असेल तर गाडी चालवू नका, क्रँक थेट ब्लॉकला घासायला लागतो आणि ब्लॉक वाया जातो. वेळीच पकडलं तर गाडीतच इंजिनचा तेलाचा चेंबर काढून जाड वॉशर बसवता येतात. खाचांची बाजू क्रँककडे, उलट बसवायचे नाहीत.

पाण्याचं तापणं ही मुंबईतली नेहमीची तक्रार. बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्याने इलाज होत नाही. ब्लॉकच्या मागच्या टोकाला साचलेला गाळ हे बहुतेकदा खरं कारण. वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची गोल झाकणं) काढून तार घालून तो खरवडा, पाण्याच्या जोराने धुवा, रेडिएटरचा गाभा नवा करून घ्या, आणि ८२ अंशांचा थर्मोस्टॅट परत लावा.

टॅपेटची फट इंजिन थंड असताना ०.०१० इंच. प्लगची फट ०.०२५, पॉइंटची ०.०१५. सिलिंडरच्या फायरिंगचा क्रम १-३-४-२. हेड बसवलं की त्याचे नट ४२ ते ४६ फूट-पाउंडांवर आवळा, मधून कडेकडे, तीन टप्प्यांत. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल, कारण आजच्या पातळ तेलांत जुन्या कॅमला लागणारं झिंक कमी असतं. पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं. ते जुनं रबर फुगवतं आणि टाकीत ओल धरतं. पेट्रोलचे होज आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्या, आणि गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

ब्रेक चारही चाकांना ड्रम, आणि सर्किट एकच. एक सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. सगळे व्हील सिलिंडर उघडा, खड्डे पडलेल्यांना स्टीलची बाही बसवा, होज नवे, पाइप तांबे-निकेलचे. हँडब्रेक त्या दिवशी तुमचा शेवटचा आधार असतो, त्याची केबल नवीच टाका.

[दृश्य: नागदेवी स्ट्रीट. काउंटरवर बोल्टांचे ढीग.]

पान्यांबद्दल एवढंच की हेराल्डचे बोल्ट इंची आहेत. ७/१६, १/२, ९/१६ हे तीन पाने बहुतेक कामं करतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि डोकं गोल करून ठेवतो. यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आट्यांचे बोल्ट नागदेवीत मोजून मिळतात, जुना नमुना खिशात घेऊन जा. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, चिन्हं आणि हँडल यांसाठी चोर बाजार.

वायरिंग करताना एक गोष्ट फसवते. नव्या रंगाने अर्थिंग, म्हणजे वीज चासीतून परत जाण्याची वाट, तुटतं. दिवे मंद, मीटर डुलतोय, स्टार्टर अडखळतोय, तर आधी इंजिन ते चासीचा पट्टा आणि प्रत्येक दिव्याखालचा रंग खरवडून पाहा. जुन्या काही गाड्यांचं धन टोक चासीला जोडलेलं असतं, बॅटरी लावण्यापूर्वी खात्री करा. जुन्या वायरिंगला फ्यूजचं संरक्षण तुटपुंजं आहे, प्रत्येक मुख्य फाट्यावर एकेक फ्यूज वाढवा.

[दृश्य: मे महिन्याची संध्याकाळ. सुती कव्हर घडी करून ठेवलेलं.]

पहिले ५०० किलोमीटर झाले की तेल बदला, टॅपेट पुन्हा तपासा, इंजिन गार असताना हेडच्या नट्सचा ताण बघा, बॉडीचे बोल्ट एक फेरी आवळा. मेच्या शेवटी, गाडी पावसाळ्यासाठी उभी करताना, ट्रनियनमध्ये तेल दाबा, टाकी भरून ठेवा म्हणजे आत हवेची ओल जमणार नाही, बॅटरीचं एक टोक सोडा. छत असलेल्या जागी सुती कव्हर, प्लास्टिक नको. चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर सप्टेंबरपर्यंत ब्रेकचे जोडे ड्रमला चिकटतात. दर पंधरवड्याला गाडी एक हात पुढे, पुढच्या वेळी एक हात मागे.