आधी पाय, मग भिंग

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'छोट्या भिंगाच्या दुर्बिणीला साजेसा हलका माउंट आणि ट्रायपॉड'. माउंट म्हणजे नळी धरून फिरवणारा भाग, ट्रायपॉड म्हणजे त्याखालचे तीन पाय. त्यावर मी येणारच आहे. पण स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावरच्या एका आकड्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आकडा आहे 525.

हे खोकं तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलंय. वर शनीचा झगझगीत फोटो, खाली ठळक अक्षरांत '525 पट'. येतो कुठून हा आकडा? भिंग 60 मिलिमीटरचं, नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, 700 मिलिमीटर. सोबत 4 मिलिमीटरचं आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग. 700 भागिले 4, झाले 175 पट. त्याला तीन पटींचा बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग, लावला की 525. गणित चोख आहे, म्हणूनच राग येतो. 60 मिलिमीटरचं भिंग चांगल्या हवेत साधारण 120 पटींपर्यंत साथ देतं. पुढे प्रतिमा नुसती फुगते आणि अंधारते. पण माझी खरी तक्रार आकड्याबद्दल नाही, नळीखालच्या पायांबद्दल आहे. अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, प्लॅस्टिकचे सांधे, आणि नळीची उंची धरून ठेवायला एक स्क्रू!

आमच्या एका आकाशदर्शनाला एक ताई मुलीला घेऊन आल्या. आजोबांनी नातीला हौसेनं असंच खोकं आणून दिलेलं. मुलीला शनी सापडायचा, पण फोकसच्या चाकाला बोट लागलं की तो उडी मारायचा आणि बोट काढलं तरी नाचत राहायचा. नाच थांबेपर्यंत पृथ्वी थोडी फिरलेली असायची आणि शनी बाहेर. 175 पटींना तारा दिसणाऱ्या क्षेत्राच्या मध्यापासून कडेला अर्ध्या मिनिटात पोचतो, त्यातली निम्मी वेळ थरथरीत गेली तर उरलं काय? दुकानदार म्हणाला, भिंगच खराब आलंय. आम्ही तीच नळी दोन कड्यांत धरून मंडळाच्या जाड माउंटवर चढवली आणि 10 मिलिमीटरचं आयपीस लावलं, 70 पट. मुलगी बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, "काका, कडं आणि शनी यांच्यामध्ये काळी फट दिसतेय. ही माझीच दुर्बीण आहे ना?" भिंग तेच होतं, फक्त पाय बदलले होते.

असं का होतं, ते बघा. एक मीटर अंतरावर 0.3 मिलिमीटरची हालचाल म्हणजे साधारण एक कला, अंशाचा साठावा भाग. केसाच्या चारेक जाड्यांइतका सांध्यातला ढिलेपणा. 100 पटींना ती एक कला 100 कलांएवढी दिसते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्रबिंबाच्या तिपटीहून जास्त! दुर्बीण जितकं आकाश मोठं करते, तितकीच थरथरही मोठी करते.

आणि इक्वेटोरियल माउंटबद्दल, म्हणजे ज्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो त्याबद्दल, एक सांगतो, कारण अनेकजण तोच 'खरा' माउंट समजून घेतात. फ्राउनहोफर या जर्मन भिंगकारानं 1824 मध्ये डोर्पाटच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूच्या, 24 सेंटिमीटरच्या दुर्बिणीसाठी जर्मन पद्धतीचा इक्वेटोरियल माउंट बनवला. अप्रतिम काम. पण डोर्पाटचा अक्षांश 58 अंश, म्हणजे ध्रुवताराही तेवढाच उंच. आपल्या पुण्यात ध्रुवतारा साडेअठरा अंशांवर, बहुधा शेजारच्या इमारतीमागे. स्वस्तातला इक्वेटोरियल एवढा खाली झुकवला की प्रतिभाराचा, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या वजनाचा, दांडा ट्रायपॉडच्या पायाला घासतो. गच्चीवरून नुसतं बघायचं असेल तर साधा अल्टअझिमथ, म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा माउंट, घ्या.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय. म्हणजे छापलेला विषय आता पटापट घेतो.

वजनापेक्षा लांबी बघा. वजन तेच ठेवून नळी दुप्पट लांब केली तर तिचं जडत्व चौपट होतं आणि झोका दुप्पट सावकाश निवतो. म्हणून हलक्या माउंटवर 80 मिलिमीटर व्यासाची, 400 ते 480 नाभीय अंतराची आखूड नळी शोभते, तेवढ्याच व्यासाची 900 वाली नाही. आखूड साध्या भिंगात चंद्राच्या कडेला जांभळी झालर येते; ती नको असेल तर ईडी, म्हणजे रंग कमी पसरवणारी काच, पण ती महाग आणि जरा जड. वजन धरताना कड्या, नजर वळवणारा डायगोनल, नेम धरायचा फाइंडर, आयपीस सगळं धरा. माउंट 5 किलो पेलतो असं लिहिलं असेल तर साडेतीनच्या आत राहा, फोटोंसाठी अडीच. फोटोग्राफीचं बॉलहेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं डोकं, नकोच, आयपीस बदललं की नळी कलते.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका, मधला खांब वर काढू नका. खुर्ची घेऊन बसा. मधल्या हुकाला पाण्याचा कॅन अडकवा, पण तो झुलू देऊ नका. लाकडी पाय धातूच्या पायांपेक्षा कंप लवकर गिळतात. ओळखीचा सुतार असेल तर सागवानी पाय करून घ्या. माउंट आणि ट्रायपॉडमध्ये वीतभर नळकांडं टाका, कारण गुरू मिथुनेत असला की आपल्याकडे तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि नळीचं मागचं टोक पायाला आपटतं.

आणि घेण्याआधी नळीवर टिचकी मारून सेकंद मोजा. प्रतिमा दोन सेकंदांत स्थिरावली तर जोडी जमली, पाच लागले तर घेऊ नका. बाहेर व्हरांड्यात चार जोड्या मांडल्यात, तिथे टिचकी मारून बघा. प्रश्नही तिथेच घेतो.