युतुखाला झोप का लागली?

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतली युतुखाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत हसत हसत ऐकलेली असते. त्रोवस शहरात माडीवर सभा भरलेली, प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलेलं, आणि खिडकीत बसलेला हा तरुण गाढ झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. पुष्कळ उपदेशकांनी युतुखाला आळशी विश्वासणाऱ्याचा नमुना ठरवलं. पण ही गोष्ट लिहिणारा लूक एक बारीक तपशील देतो: त्या खोलीत पुष्कळ दिवे होते. तेलाचे दिवे, माणसांची दाटी, दिवसभराचा शीण. मी आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली आहे, त्यामुळे मला तिथे आधी कोंदट हवा दिसते, पाप नंतर.

हे सांगायचं कारण, आपल्यातले अनेक जण माझ्याकडे येऊन म्हणतात, "सर, पवित्र शास्त्र उघडलं की जांभया येतात, सैतान आडवा येतो." येतही असेल. पण तुम्ही आठ तास खुर्चीत बसून आलात, पोटभर जेवलात आणि पलंगावर लोडाला टेकून लेवीय हे नियमांनी भरलेलं पुस्तक उघडलंत, तर त्या बिचाऱ्या सैतानाला काही कामच उरत नाही!

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीतही शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा खातो. झपझप चाललं की हृदयाचे ठोके वाढतात, सुस्ती जाते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये शाळकरी मुलांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. 20 मिनिटं चालून आलेल्या मुलांचं लक्ष, नुसत्या बसून राहिलेल्या वेळेपेक्षा, अधिक टिकलं. वाचलेलं समजण्याच्या चाचणीतही ती सरस ठरली. प्रयोग लहान होता, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण पहिल्या तासाला कवायत असली की दुसऱ्या तासाचे शिक्षक खूश असतात, हे मी बघत आलो.

आता कोणी पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र काढून दाखवेल, की शारीरिक कसरतीचा उपयोग थोडाच, सुभक्तीचा, म्हणजे देवाला धरून जगण्याचा, सर्व बाबतींत. बरोबर. पण थोडा म्हणजे शून्य नव्हे. आणि त्याच्या आदल्याच ओळीत सुभक्तीचा सराव कर असं सांगताना मूळ ग्रीकमध्ये क्रियापद व्यायामशाळेतलंच वापरलं आहे. करिंथकरांनाही पौलाने धावणारा आणि मुष्टियोद्धा यांचे दाखले दिले, कारण ग्रीसमधल्या करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन सामने भरत. तिथल्या लोकांना घाम म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नव्हतं.

बायबलच्या पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणारा माणूस आहे ना, तिथला हिब्रू शब्द 'हागा'. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात तोच शब्द पारव्याच्या घुमण्याला आणि सिंहाच्या गुरगुरण्यालाही आहे. म्हणजे ते मनन तोंडाने पुटपुटत करायचं. आपल्याला तर हे नवं वाटायलाच नको. जात्यावर दळताना आपल्या आज्या ओव्या म्हणायच्या. हात फिरे आणि शब्द आपोआप पाठ होत. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात छापलेलं 'ख्रिस्तपुराण' हे मराठी काव्य ओवीतच रचलं. ती ग्रंथातली ओवी, जात्यावरची वेगळी, हे कबूल. पण दोन्ही आधी कानासाठीच.

तर करायचं काय? सकाळी 20 मिनिटं झपझप चाला. बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतकाच वेग. ऊर फुटेस्तोवर धावलात तर परत येऊन झोपच काढाल. घरी आलात की पाणी प्या आणि लगेच वाचायला बसा. मधे मोबाईल हातात घेतलात तर चालणं फुकट. पावसाळ्यात घरीच बैठका मारा. सूर्यनमस्कार घालावेत का, हा प्रश्न दरवेळी येतो. ज्याच्या विवेकाला खटकतं त्याने घालू नयेत. गुडघे दुखतात त्यांनी खुर्ची धरून उठबस केली तरी पुरे.

त्या रात्रीनंतर पहाटे पौलाने काय केलं, तेही वाचा. सोबती तारवात बसून अस्सा या बंदराला निघाले आणि हा रात्रभर जागलेला माणूस पायी गेला. का, ते लूक लिहीत नाही.

मी फिरायला जाताना एकच वचन चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतो. घामाने शाई पसरते, म्हणून हल्ली पेन्सिलीने लिहितो.