मागणीची फाइल: मॅनेजर आणि डेव्हलपर एकाच टेबलावर

[दृश्य: प्रशिक्षणाची खोली. पडद्यावर बारा ओळींची फाइल.]

पडद्यावर दिसते आहे ती एका खरेदीची मागणी, एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नावाची खूण (टॅग) लावून लिहायच्या पद्धतीत. बाहेरचा टॅग 'मागणी'. त्याच्या पोटात 'पुरवठादार', 'वस्तू', 'नग', 'दर' आणि 'पोच_तारीख'. टॅगची नावं देवनागरीत आहेत आणि पार्सरची, म्हणजे फाइल वाचून तिची मांडणी तपासणाऱ्या प्रोग्रामची, त्याला काही हरकत नाही. एक्सएमएल मुळातच युनिकोडवर, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामाईक अक्षरसंचावर, उभी आहे. नावात मोकळी जागा सोडायची नाही, सुरुवात अंकाने करायची नाही, एवढं पाळलं की बहुतेक भागतं. प्रशिक्षणात याचा मोठा फायदा होतो. कोडची एक ओळही न लिहिलेला मॅनेजर ही फाइल वाचू शकतो.

आता पुरवठादाराच्या नावातला 'आणि' खोडून तिथे & हे चिन्ह टाकलं. बाकी काही बदललं नाही. पार्सर चालवला. संपूर्ण फाइल बाद. एक्सएमएलमध्ये हे चिन्ह असं सुटं लिहिता येत नाही.

[दृश्य: लाल अक्षरांतला एरर, ओळ क्रमांकासह.]

वेबपानावर अशी चूक ब्राउझर पोटात घालतो. एक्सएमएलमध्ये ती सवलत नाही, आणि ती जाणूनबुजून दिलेली नाही. एक्सएमएलची पूर्वज असलेल्या, १९८६ साली आयएसओ (आंतरराष्ट्रीय) मानक झालेल्या एसजीएमएलमध्ये काही टॅग गाळायचीही मुभा होती, त्यामुळे पार्सर लिहिणं जिकिरीचं काम होऊन बसलं. १९९८च्या फेब्रुवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने एक्सएमएल १.० जाहीर केली तेव्हा नियम कडक ठेवला: मांडणी चुकली की पार्सरने अंदाज बांधायचा नाही, थांबायचं.

दुरुस्ती सोपी आहे. & नंतर ए, एम, पी ही तीन अक्षरं आणि अर्धविराम. पण फाइल हाताने दुरुस्त करून दिली तर उद्या तीच चूक परत येणार. चूक फाइलमध्ये नाही, फाइल तयार करणाऱ्या कोडमध्ये आहे. कुणीतरी मजकुराचे तुकडे अधिकच्या चिन्हाने जोडून एक्सएमएल बनवली आहे. भाषेच्या लायब्ररीतला एक्सएमएल रायटर वापरला असता तर असली चिन्हं त्याने आपसूक सांभाळली असती. डेव्हलपरच्या वर्गात पहिल्या तासाला एवढं एक पक्कं झालं तरी पुढचं बरंच दुखणं टळतं.

[दृश्य: दुसरी फाइल. 'पोच_तारीख' हा टॅग रिकामा.]

ही फाइल पार्सरला मान्य आहे. टॅग उघडले तसे बंद झालेत, म्हणजे ती वेल-फॉर्म्ड आहे. पण स्कीमा, म्हणजे कोणता घटक किती वेळा आणि कोणत्या रूपात यावा याची नियमावली, लावून तपासली की नापास. पोच तारखेचा प्रकार 'डेट' आहे आणि रिकामी जागा ही तारीख नव्हे. तिथे वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने काहीतरी हवं.

मॅनेजरना खोलीत बसवायचं ते या जागेसाठी. स्कीमामध्ये एखादा घटक किमान किती वेळा यावा हे लिहिलं नाही, तर स्कीमा ते एकदा असं धरते. जास्तीत जास्त किती वेळा, हेही न लिहिल्यास एकदाच. म्हणजे डेव्हलपरने मिनऑकर्स (किमान किती वेळा) लिहायचं राहून गेलं, की पोच तारीख सक्तीची झाली. व्यवसायाचा नियम ठरला, आणि तो कुणीच ठरवला नाही. मग मागणी भरणारा माणूस काय करतो? फाइल पुढे सरकावी म्हणून १ जानेवारी १९०० टाकून मोकळा होतो. स्कीमा खूश. अहवालात मात्र तीच मागणी शंभराहून जास्त वर्षं उशिरा धावते.

खरा प्रश्न असा: तारीख अजून ठरलेली नाही, की या मागणीला पोच तारीख लागूच नाही? पहिल्यासाठी घटक निलेबल (रिकामा चालणारा) करून 'निल' खूण लावता येते, दुसऱ्यासाठी घटक ऐच्छिक ठेवून तो गाळता येतो. दोन्हींतला फरक अहवालात हवा की नको, हे कोड लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं.

[दृश्य: कागदावर आखलेला तक्ता, पेनाने भरला जातो आहे.]

म्हणून सराव कागदावर सुरू होतो. प्रत्येक घटकासमोर तीन रकाने: लागतोच का, किती वेळा, कोणत्या रूपात. मॅनेजर भरतात, डेव्हलपर त्याच दुपारी त्याची स्कीमा करतात. मग दहा नमुना फाइली तपासायच्या, त्यांतल्या निदान सहा मुद्दाम चुकीच्या. चांगल्या फाइली पास झाल्या यावरून फारसं कळत नाही. नापास व्हायला हवी ती फाइल पास झाली, की स्कीमातलं भोक सापडतं. एका फाइलमध्ये नग देवनागरी अंकांत लिहून पाहावेत. टॅगचं नाव देवनागरीत चालतं, पण 'इंटिजर' प्रकारात देवनागरी अंक चालत नाहीत. दरात हजारांचा स्वल्पविरामही चालत नाही.

काही नियम मात्र स्कीमाच्या आवाक्याबाहेरचे. पोच तारीख मागणीच्या तारखेआधीची नसावी, हे स्कीमा १.०मध्ये सांगताच येत नाही. २०१२च्या १.१ आवृत्तीत अशा अटी लिहिण्यासाठी 'असर्ट' आलं, पण बऱ्याच वापरातल्या लायब्ररी अजून १.०वरच आहेत. अशा वेळी जोडीला स्किमाट्रॉन ही अशा अटी तपासणारी नियमभाषा घ्यावी.

[दृश्य: एक्सपाथची (फाइलमधला घटक शोधायच्या भाषेची) एक ओळ. खाली: शून्य घटक सापडले.]

डेव्हलपरची सर्वांत जास्त दमछाक होते ती नेमस्पेसपाशी, म्हणजे टॅगचं नाव कोणत्या संचातलं हे सांगणाऱ्या पत्त्यापाशी. फाइल समोर आहे, 'मागणी' टॅग डोळ्यांना दिसतो आहे, आणि 'मागणी' शोधणारा एक्सपाथ शून्य उत्तर देतो. एररही नाही. कारण बाहेरच्या टॅगवर डीफॉल्ट नेमस्पेस लावलेली आहे, आणि एक्सपाथ १.०मध्ये उपसर्ग नसलेलं नाव म्हणजे नेमस्पेस नसलेलं नाव. उपाय: कोडमध्ये त्या पत्त्याला एक उपसर्ग बांधायचा आणि त्याच्यासकट शोधायचं. फाइलमध्ये उपसर्ग नसला किंवा वेगळा असला तरी बिघडत नाही. पत्ता मात्र अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. शेवटचा एक तिरका दंड जास्त पडला तरी ती दुसरी नेमस्पेस. हे नुसतं सांगून भागत नाही. प्रत्येकाला एकदा या शून्यात अडकू द्यावं, वीस मिनिटं तरी.

मोठ्या फाइलींचं थोडक्यात: डॉम ही वाचायची पद्धत फाइलमधल्या टॅगचं अख्खं झाड मेमरीत उभं करते, आणि ते फाइलच्या कितीतरी पट जागा खातं. गिगाबाइटच्या फाइली एकेक घटक वाचत पुढे जाणाऱ्या पार्सरनेच वाचाव्यात.

[दृश्य: मेमरीचा आलेख सरळ वर चढतो.]

ही फाइल एक किलोबाइटसुद्धा भरत नाही. तिच्यात एका एंटिटीत (मजकुराला दिलेल्या संक्षिप्त नावात) आधीची एंटिटी दहा वेळा, असं थरावर थर. नऊ थरांत तीन अक्षरांचा शब्द शंभर कोटी वेळा उलगडतो, म्हणजे जवळपास तीन गिगाबाइट मजकूर. बाहेरून येणारी एक्सएमएल वाचताना डीटीडी (एंटिटी ठरवणारा भाग) आणि बाह्य, म्हणजे बाहेरच्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या, एंटिटी बंद ठेवाव्यात. नाहीतर दुसऱ्या प्रकारची फाइल सर्व्हरवरची खाजगी फाइल वाचून बाहेर नेऊ शकते. प्रयोग मेमरीची मर्यादा घातलेल्या वेगळ्या मशिनवरच करावा.

[दृश्य: पुन्हा तेच टेबल, दोन्ही गट समोरासमोर.]

शेवटचा सराव. मॅनेजर म्हणतात, "फक्त एक 'सवलत' टॅग वाढवा." डेव्हलपर तो ऐच्छिक म्हणून घालतो, आपल्या सगळ्या जुन्या फाइली पास होतात. मग नवी फाइल पुरवठादाराकडच्या जुन्या स्कीमाने तपासतात.

नापास. तिथे 'सवलत' नावाचा घटकच नाही.

कागदावर चौथा रकाना आखला जातो: कुणाला कळवायचं, कोणत्या तारखेपासून.