पेनाच्या पोटातली हवा

श्रोतेहो, नमस्कार. जळगाव-भुसावळकडच्या ज्या मंडळींचे शिक्षण शाईच्या पेनावर झाले, त्यांना सदऱ्याच्या खिशावरचा निळा डाग काही नवा नाही. त्याचा दोष पेनाला दिला जाई, कधी शाईला, आणि घरी बहुधा मुलालाच. खरा अपराधी मात्र पेनाच्या पोटातली हवा होती, आणि फाउंटन पेनाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशी या हवेशी केलेली तडजोड आहे.

पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राखे पोएनारू या रुमानियन तरुणाने 1827 मध्ये फ्रान्समध्ये अशा पेनाचे पेटंट घेतले. पोटात शाई भरून ठेवण्याची कल्पना सोपी होती. अडचण अशी होती की जितकी शाई खाली उतरेल तितकी हवा आत शिरली पाहिजे, नाहीतर धार तुटते, आणि हवा एकदम शिरली तर कागदावर शाईचे तळे साचते. न्यूयॉर्कच्या ल्युइस वॉटरमन यांनी 1884 च्या पेटंटात निबेखालच्या तुकड्याला, म्हणजे आपण जिला जीभ म्हणतो तिला, अरुंद खाचा पाडल्या. केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या गुणाने, शाई खाली येऊ लागली आणि तिच्या जागी हवा बेताबेताने वर जाऊ लागली. विम्याच्या करारावर डाग पडून गिऱ्हाईक हातचे गेले म्हणून त्यांनी हा शोध लावला, ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. तिला कागदोपत्री आधार मात्र सापडत नाही.

आता आपल्या उन्हाकडे वळू. धाब्याच्या थंडगार घरात सकाळी 28 अंश तापमान असताना पेन खिशाला लावले आणि भर दुपारी 43 अंशांत बाहेर पडलो, तर पंधरा अंशांच्या फरकाने पोटातली हवा सुमारे 5 टक्के फुगते. अर्धे रिकामे झालेल्या पेनात एक मिलिलिटर हवा असेल, तर ती साधारण एका थेंबाएवढी शाई बाहेर ढकलते. तो थेंब जिभेच्या खाचांनी धरून ठेवला तर ठीक, नाहीतर टोपणात, आणि टोपणातून खिशात. म्हणूनच पेन काठोकाठ भरा आणि निब वर करून ठेवा, असे जाणते लोक सांगत. भरलेल्या पेनात फुगायला हवाच नसते.

शाई भरण्याच्या तऱ्हाही बदलत गेल्या. आयोवातले जवाहिरे वॉल्टर शेफर यांनी 1908 मध्ये तरफ दाबून रबरी पिशवीत शाई ओढणाऱ्या पेनाचे पेटंट घेतले, 1929 मध्ये जर्मनीच्या पेलिकानने दट्ट्याचे पेन आणले, आणि पुढे प्लास्टिकच्या तयार नळ्या आल्या. आपल्याकडे मात्र ड्रॉपरने भरायचे पेनच टिकले, आणि मला ते शहाणपणाचे वाटते: उन्हात कुजायला आत रबर नाही, शाई पुष्कळ मावते, आणि बिघडायला फारसे काही नसतेच. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेले स्वदेशी पेन मिळाल्यावर गांधीजींनी 1935 मध्ये त्यांना पत्र लिहून आपली पसंती कळवली होती.

शाईची गोष्ट निराळी आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेल्या हस्तलिखितांसारख्या जुन्या पोथ्या बोरूने आणि काजळाच्या शाईने लिहिल्या जात. काजळ उजेडाने फिके पडत नाही. पण त्याचे बारीक कण आणि डिंक जिभेच्या खाचांत वाळले, की पेन कायमचे तुंबते. म्हणून फाउंटन पेनासाठी पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगांची शाई लागली, आणि त्या सोयीपायी टिकाऊपणा बराच गमावला. मुंबईत 1931 मध्ये दांडेकर यांच्या कंपनीने ‘हॉर्स’ छापाच्या शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. हीच कंपनी पुढे कॅमलिन म्हणून घरोघरी पोचली.

हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो यांनी 1938 मध्ये बॉलपेनाचे पेटंट घेतले. 29 ऑक्टोबर 1945 रोजी न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात अमेरिकेतली पहिली बॉलपेने साडेबारा डॉलरना विकली गेली. दाट शाईच्या रिफिलीला मागून हवा मोकळी मिळते, त्यामुळे कोंडलेली हवा फुगून शाई बाहेर ढकलण्याचा प्रश्नच मिटला. मग दौत, ड्रॉपर आणि टीपकागद हळूहळू दप्तरातून गेले.

आजोबांचे एखादे पेन घरात पडून असेल, तर ते उघडून साध्या गार पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि पाणी निळे येणे थांबेपर्यंत बदलत राहा. गरम पाणी वापरू नका, त्याने एबोनाइटचा, म्हणजे जुन्या पेनांच्या कडक रबराचा, काळा रंग मातकट होतो. स्पिरिट तर मुळीच नको, कारण सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या पेनांचे प्लास्टिक, त्यात मऊ पडते. आतली रबरी पिशवी कडक झाली असेल, तर ती ओढून काढण्यापेक्षा पेन दुरुस्त करणाऱ्याच्या हाती द्यावे. नमस्कार.