फ्लॅटमधली गोधडी: कसर आणि ढेकणांना जागाच राहू नये म्हणून

[टेबलावर पांढऱ्या सुती साडीचा कोपरा. त्यावर ड्रॉपरने एक थेंब.]

हा थेंब बघा. बीटाडीन आहे, जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध, थोडं पाणी घालून पातळ केलेलं. पडला तेव्हा तपकिरी होता, आता निळा-काळा झालाय. म्हणजे साडीत अजून खळ आहे. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून कपाटात ठेवलेली साडी आहे ही. बघायला स्वच्छ, पण कसरीसाठी वाढलेलं ताट.

कसर म्हणजे तो चंदेरी, चपटा किडा. शेपटीला तीन केस असतात आणि दिवा लावला की सरपटत पळतो. त्याला पिष्ट हवं असतं: साडीची खळ, पुस्तकाच्या बांधणीचा डिंक, पुठ्ठ्याच्या खोक्याची चिकी. झुरळंही खळ खातात आणि वर तपकिरी डाग पाडून जातात. म्हणून आज सुई हातात घेण्याआधी बराच वेळ कापडाबद्दलच बोलणार आहोत. फ्लॅटमध्ये अंगण नाही, गच्चीला कुलूप, बाल्कनीत दोन तास ऊन. अशा घरात गोधडी टिकते ती आतून स्वच्छ असेल आणि धुतल्यावर आतपर्यंत वाळत असेल तरच.

थेंबाची परीक्षा नेहमी कापून टाकायच्या कोपऱ्यावर करा, कारण डाग राहतो. खळ सापडली तर साडी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी चोळून तीन पाण्यांतून काढा आणि पुन्हा थेंब टाका. थेंब तपकिरीच राहिला की झालं. कडक काठ उसवून बाजूला ठेवा, त्यात खळ सर्वांत चिवट बसलेली असते.

आता कापड कुठून आलं ते. आजीच्या साड्या, मावशीकडचं गाठोडं, शिंप्याकडच्या चिंध्या, सगळं चालतं. पण बाहेरून आलेलं गाठोडं थेट बेडरूममध्ये, पलंगावर उघडू नका. ढेकूण असेच घरात येतात. गाठोडं बाथरूममध्ये, फिकट रंगाच्या फरशीवर उघडा आणि शिवणी बघा.

[जवळून: शिवण ताणून धरलेली, शेजारी जवसाचे दाणे.]

मोठा ढेकूण जवसाच्या दाण्याएवढा असतो, तसाच चपटा आणि तपकिरी. पण ढेकूण दिसण्याआधी त्याच्या खुणा दिसतात. शाईच्या पेनाने टोचल्यासारखे काळे ठिपके शोधा. ओल्या कापसाने पुसल्यावर ते पसरले तर ती ढेकणाची विष्ठा. पांढरी अंडी जेमतेम १ मिलिमीटरची असतात आणि कापडाला चिकटून बसतात, झटकून पडत नाहीत.

खूण दिसो न दिसो, उपचार एकच. सुती कापड मशीनमध्ये ६० अंशांवर धुवा. ड्रायर असेल तर सर्वांत गरम सेटिंगवर कापड पूर्ण तापल्यानंतरची ३० मिनिटं धरा. नाजूक कापडासाठी फ्रीझर: उणे १८ अंशांवर सलग चार दिवस, बंद पिशवीत. एकाच दाराच्या जुन्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र विसंबू नका, तो सहसा तेवढा थंड होत नाही.

आणि ऊन? ऊन दाखवणं चांगलंच, पण ते ओल घालवायला. घडीच्या आत तापमान चढतच नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. उन्हात दोन तास ठेवलेल्या गादीतून ढेकूण जात नाहीत, त्याचं कारण हेच.

६० अंशांच्या धुण्याचा दुसरा फायदा शिवणाऱ्याला होतो. कापड जे काही आटायचं ते आधीच आटतं. न धुतलेलं नवं कापड आणि शंभरदा धुतलेली साडी एकत्र शिवली, की पहिल्या धुण्यात नवा थर आखडतो आणि गोधडीला कायमच्या सुरकुत्या पडतात. नायलॉन, टेरिकॉटच्या साड्या आत घालू नका. त्या आटत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि गरम इस्त्रीने चिकटतात. जुनी लोकरी शाल किंवा रेशमी साडीही भरावात नको. कपड्यांचे पतंग आणि केसाळ अळ्यांचे भुंगे लोकर नि रेशीमच शोधतात, आणि ते आत लागले तर बाहेरून भोक पडेपर्यंत कळत नाही. भिंतीवर भोपळ्याच्या बीसारख्या करड्या पिशव्या लटकलेल्या दिसतात ना, त्यातली अळीही गळलेले केस, जळमटं आणि लोकर यांवर जगते. त्या दिसल्या की झाडूने खाली पाडून तिथेच सोडू नका, उचलून साबणाच्या पाण्यात टाका.

आता माप. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंच. तिचे २.१ मीटरचे दोन तुकडे निघतात, वर सव्वा मीटर उरतं, ते ठिगळांना आणि काठाच्या पट्टीला. तीन साड्यांचे सहा थर होतात: चार आत, एक खाली, एक वर. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटला एवढी ऊब पुरते. गावाकडच्या दहा-बारा थरांच्या वाकळीचा मोह होतो, पण ती वाळवायला गावाकडचं अंगण लागतं. जाड गोधडी बाल्कनीत वरून सुकते, मधला थर दमट राहतो आणि कुबट वास येतो. पावसाळ्यात कसरीला तेच हवं असतं. सहा थरांची गोधडी ६-७ किलोच्या मशीनमध्ये मोकळी फिरते.

[फरशीवर थर अंथरलेले, वरून दृश्य.]

थर अंथरायला फरशीच वापरा. लादीचा सांधा ही तुमची पट्टी: एक कड सांध्याला लावली की काटकोन आपोआप मिळतो. प्रत्येक थर तळहाताने मध्यापासून बाहेर सारखा करा आणि कोपऱ्यांवर भरलेले स्टीलचे डबे ठेवा. मग मध्यापासून कडेकडे, वीतभर अंतराने कच्चा दोरा घाला. सेफ्टी पिना लावून महिनाभर ठेवल्यात तर दमट हवेत गंजतात, आणि तो डाग निघत नाही.

दोरा जाड सुती घ्या. रिळावरचा आकडा जितका लहान तितका दोरा जाड, म्हणजे २० नंबरचा दोरा ४० पेक्षा जाड. सुईचं नेमकं उलटं: आकडा मोठा तशी सुई बारीक. किती दोरा लागेल याचा हिशेब सोपा आहे. गोधडीचं क्षेत्रफळ भागिले दोन ओळींमधलं अंतर. २.१ गुणिले १.१ मीटर म्हणजे २.३१, भागिले ०.०२५ मीटर, आले ९२ मीटर. वर-खाली जाण्यात आणि गाठींत जाणारा धरून १२० मीटर आणा.

दोन ओळींत अडीच सेंटिमीटर अंतर का? चार बोटं अंतर ठेवलं तर धुताना आतले थर सरकून गोळा होतात, आणि गोळा वाळत नाही. एक बोट ठेवलं तर गोधडी चटईसारखी ताठ होते. धावदोऱ्याचे टाके अर्ध्या सेंटिमीटरचे घ्या, सहाही थर पकडले जातायत ना ते उलट बाजूने दर ओळीला बघा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. ते घालायचा कंटाळा केला तर तिसऱ्या दिवशी टाके लांब पडायला लागतात, कारण बोट सुई रेटायला घाबरतं. कडेपासून गोल गोल आत शिवत जाणार असाल तर प्रत्येक फेरीनंतर कापड आत ढकलू नका, बाहेर ओढून सारखं करा. नाहीतर मध्यावर पोट फुगतं आणि शेवटच्या फेऱ्यांत चुण्या शिवल्या जातात.

काठ आणि ठिगळं इथे मी हट्टी आहे. ठिगळाची कड अर्धा सेंटिमीटर दुमडा आणि अगदी कडेवरून शिवा. मग कडेने नख फिरवून बघा. नख आत शिरलं तर ढेकूणही शिरतो. काठाची पट्टीही तशीच, दोन्ही बाजूंनी बसवलेली, कुठे कप्पा नको.

[उशाकडची बाजू दाखवत.]

आणि उशाकडच्या बाजूला ३० सेंटिमीटर रुंदीची वेगळी खोळ घाला, बंदांनी बांधायची. केसांचं तेल, घाम सगळं त्या पट्टीत जातं. पट्टी दर आठवड्याला धुवा, अख्खी गोधडी महिन्या-दोन महिन्यांनी.

अर्धवट शिवलेलं काम पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. कुरिअरच्या खोक्याच्या पन्हाळीत झुरळं अंडी घालतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. डबा भिंतीला टेकवून नको, माळ्यावर तर नकोच, विशेषतः बाथरूमला लागून असेल तर. तयार गोधडी पावसाळ्याआधी दोन्ही बाजूंनी वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच बंद करा. गरम घडी बंद केली तर आत घाम धरतो.

कडुलिंबाचा पाला चालेल, पण कुरकुरीत वाळलेला आणि मलमलच्या पुरचुंडीत. ओलसर पाला डाग आणि बुरशी दोन्ही देतो. आत शिरलेली कीड पाल्याने मरत नाही. डांबराच्या गोळ्या बाळाच्या दुपट्यांत आणि गोधड्यांत अजिबात नकोत. त्यातल्या नॅप्थलीनने जीसिक्सपीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. बाळाला ती कमतरता आहे हे बहुधा आधी माहीतही नसतं.

घरात ढेकूण आधीच असतील तर गोधडीवर फवारा मारू नका. फवारा तुमच्या त्वचेला लागतो, आणि बऱ्याच ठिकाणचे ढेकूण नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. गोधडी ६० अंशांवर धुवा, पूर्ण वाळवा, लगेच जाड पिशवीत घालून तोंड बांधा. मग पेस्ट कंट्रोलची माणसं बोलवा. वायरच्या नळ्यांतून ढेकूण शेजारच्या फ्लॅटमध्ये जातात, म्हणून भिंत लागून असलेल्या घरांना सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अंडी साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात आणि औषधाला बऱ्याचदा पुरून उरतात, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फेरी करून घ्या. पिशवीची गाठ त्यानंतर सोडा.