थिबाची भिंत आणि थिबाचं माणिक

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात नागपूर तापलं की मंडळी कोकणाकडे पळतात. रत्नागिरीला गेलात की थिबा राजवाडा बघता, चार फोटो काढता आणि पुढे आंबे घ्यायला जाता. या खेपेला तिथल्या भिंतीला जरा हात लावून बघा.

तो जांभा दगड आहे. आपल्याकडचा काळा दगड छिन्नीला दाद देत नाही. जांभा मात्र खाणीतून निघताना इतका मऊ असतो की त्याचे चिरे तासून काढता येतात. मग वारा-ऊन लागलं की तो कडक होतो. खाणीत मऊ, उन्हात कडक, एवढं ध्यानात ठेवा. पण अंगभर छिद्रं असल्यामुळे तो पाणी पितो. आपल्याकडे वर्षाला सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. त्यात समुद्राची खारी हवा. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा: एक वाटा चुना, अडीच-तीन वाटे वाळू. चुना विझवून, म्हणजे पाण्यात घालून, निदान पंधरा दिवस मुरू द्यायचा. कच्चा राहिला तर नंतर भिंतीतच फुलतो आणि फोड येतात. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट थापलं की ती आत कोंडते, मीठ साचतं आणि पोपडे निघतात. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांनाही हेच दुखणं आहे. स्वस्तातला गवंडी बोलवा आणि वाडा घालवा!

आता भिंत बाजूला ठेवू, कारण माणकाची गोष्ट सांगितल्याशिवाय थिबा पुरा होत नाही.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रज फौज मंडालेत शिरली. फौजेबरोबर कर्नल स्लेडन होता. हा पूर्वी मंडालेतच इंग्रजांचा वकील, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, म्हणून राहिलेला, ब्रह्मी भाषा जाणणारा, म्हणजे घरोब्यातला माणूस. राजघराण्याकडे ‘नगा मौक’ नावाचं पिढीजात माणिक होतं, अंगठीत जडवलेलं. थिबाचं म्हणणं असं, की धावपळीत हरवायला नको, मी सांभाळतो, असं सांगून स्लेडनने ते मागून घेतलं. घेतलं ते घेतलंच. २९ नोव्हेंबरला राजा-राणीला बैलगाडीतून इरावतीच्या काठी नेऊन बोटीवर चढवलं. तिथून रंगून, मग मद्रास, आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत नजरकैद.

रत्नागिरीत येऊनही राजा ते माणिक विसरला नाही. अर्जामागून अर्ज. इकडे तनखा पुरेना, म्हणून बरोबर आणलेले दागिने एकेक करून गावातल्या सावकारांकडे जात होते, आणि तिकडे त्या एका अंगठीसाठी पत्रं लिहिली जात होती. स्लेडन १८९० मध्ये वारला, म्हणजे विचारायचं कुणाला हाच प्रश्न. तरी १९११ मध्ये पंचम जॉर्ज दिल्ली दरबाराला आला, तेव्हा थिबाने पुन्हा लिहिलं: माझी अंगठी. सव्वीस वर्षांनंतर! माणिक आलं नाही, आजतागायत सापडलेलं नाही.

नागपूरकराला हे नवं वाटू नये. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, तेव्हा सीताबर्डीवर हत्ती-घोडे-बैल मातीमोल भावाने लिलावात गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याला. तिथे निदान हातोडा आपटून विकलं, इथे नुसतं खिशात घातलं.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा पटकन. राजवाडा १९१० मध्ये राहायला मिळाला, म्हणजे चोवीस वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढल्यावर. चोवीस वर्षं वाट बघितली आणि राहिला सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा गेला. समाधी रत्नागिरीतच आहे. १९१९ मध्ये राणी सुपायालत मायदेशी परतली.

आत गेलात की मान वर करून छताकडे बघा. आपण कवेलू फेरतो, तसं कोकणात पावसाआधी घर शाकारतात. एक कौल सरकलं की आधी खालची लाकडी रीप भिजते, मग वासा कुजतो. तपकिरी डाग दिसला की वर कौल सरकलंय समजा. आत संग्रहालय आहे, त्यामुळे सोमवार टाळा. बाहेर पडल्यावर जवळच थिबा पॉइंट आहे. तिथे साडेपाचच्या सुमाराला उभे राहा. काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळताना समोर दिसते.

नमस्कार.